भैरूअण्णांचं हिमोग्लोबिन

"घ्या की हवं तेवढं रगत," भैरूअण्णा गुरवांनी दंड पुढे केला, "आमच्यात काय कमी हाय काय?"

बघणाऱ्यालाही तसंच वाटलं असतं. साठी ओलांडलेला गडी, पण छाती अजून तालमीतली. कपाळावर शेंदराचा टिळा, डोक्याला पांढरा पटका. बोटं मात्र सुजलेली होती, आणि नखांच्या कडा अशा केशरी की कितीही धुतल्या तरी निघू नयेत. सुई टोचली तरी त्यांनी डोळ्याची पापणी हलवली नाही. उलट नर्सलाच म्हणाले, "हात लई हलका हाय पोरी तुझा. मारुती भलं करील."

मग सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढून त्यांनी माझ्या हातावर गूळखोबरं ठेवलं. मी ते तोंडात टाकलं. मिरजेत राहून मारुतीचा प्रसाद नाकारण्याइतकी मी शहाणी नव्हते.

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा मोबाइलला बटणं होती आणि माझ्या डोक्यावर ओझं नव्हतं. नुकतीच एका दवाखान्यात नोकरीला लागले होते. पदाचं नाव भारदस्त: क्लिनिकल ट्रायल समन्वयक. काम म्हणजे संधिवातावरचं एक नवं औषध माणसांना देऊन बघायचं होतं, त्यासाठी माणसं गोळा करायची. आणि माणसं काही केल्या अटींत बसत नव्हती. औषध नवं असल्यामुळे त्याचे नखरे फार. पांढऱ्या पेशी इतक्याच हव्यात, प्लेटलेट तितक्याच हव्यात, हिमोग्लोबिन दहाच्या वर हवं. लग्न जमवतानासुद्धा इतक्या चौकशा होत नसतील. कुणी प्लेटलेटवर अडकायचं, कुणी पांढऱ्या पेशींवर. एकजण रक्तात सगळा पास झाला, तर बायको येऊन त्याला हाताला धरून घेऊन गेली. एवढ्या दिवसांत माझ्या खात्यावर एकही माणूस नव्हता. अण्णांना बघून मला वाटलं, आता जमलं.

उंची मोजायची म्हणून त्यांना पटका काढायला लावला. मोजून झाल्यावर ते खुर्चीवर बसले आणि मुकाट्यानं मान खाली घातली. बरोबर आलेल्या हौसाकाकू पुढे झाल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या डोक्याला पटका बांधायला घेतला. अण्णांचा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. आणि समोर धरला की मनगटातून पंजा खाली लोंबायचा.

"आता जेवन तेवढं आपल्या हातानं करत्यात," काकू पदर खोचत म्हणाल्या. "बाकी सगळं माझ्याकडंच."

"तेबी सांग आता गावभर," अण्णा पटक्याखालून म्हणाले.

मग त्यांनी स्वतःच सांगितलं, हे औषध त्यांना का हवं ते. दंडोबाच्या डोंगराकडे त्यांची वाडी. वाडीत मारुतीचं देऊळ. मारुती चांगला थोराड, माणसापेक्षा उंच, नखशिखांत शेंदरी. दर शनिवारी त्याला तेलशेंदूर चढवायचा, आणि हनुमानजयंतीला पायापासून डोक्यापर्यंत मोठा लेप. पूजा गुरवांच्या घरातच, पण घरात कुणाकडे, हे ठरवण्याची त्यांची रीत वेगळीच होती. पाट घ्यायचा नाही, टाचा उचलायच्या नाहीत. उभ्या उभ्या ज्याचा हात मारुतीच्या डोक्याला पोचतो, पूजा त्याची.

"गेल्या जयंतीला माझा हात हितंच थांबला," अण्णांनी छातीवर बोट टेकवलं. "डोस्क्याचा लेप शिदबानं केला. माझा चुलतभाऊ. चांगला ताडमाड हाय. पंच म्हनले, यंदा एक डाव भैरूला बघू, न्हाईतर पुढच्या जयंतीपासनं शिदबाची पूजा. म्याडम, मला दुसरं काय येत न्हाई वो. शेती न्हाई, धंदा न्हाई. मला मारुती येतो."

दुपारी रिपोर्ट आला. बाकी सगळं बरोबर होतं. हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक एक.

"म्हंजे?"

"म्हणजे थोडं कमी. दहाच्या वर हवं."

"थोड्यासाठी कशाला अडवता?"

मी त्यांना समजावलं की फेरतपासणी एकदाच करता येते. गुढीपाडव्यापर्यंत नोंदणी चालू राहणार होती, तोवर रक्त वाढलं तर हमखास घेऊ. हौसाकाकूंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू त्यांच्या स्वयंपाकालाच कुणी नावं ठेवली होती.

"पोरी, तू बघच," त्या म्हणाल्या. "दहा काय घेऊन बसलीस?"

संक्रांतीला दोघं पुन्हा आले. काकूंनी तिळगूळ आणला होता, आणि नवऱ्याला काय काय खाऊ घातलं ते सांगण्याचा उत्साह. बीट झालं, खजूर झाले, नाचणीची आंबील झाली, आळीव झाले, शेवग्याचा पाला तर रोज. आमच्या डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या वेगळ्या.

"बीट खाऊन खाऊन मलाच शेंदूर फासल्यागत झालंय," अण्णा म्हणाले. "पर आमीबी गप बसलो न्हाई. मारुतीला बोललोया, रगत वाढेस्तोवर रोजच्या रोज लेप. नुस्ता शनवार न्हाई. पहाटंचं उठून, आपल्या हातानं. पोचंल तिथवर."

फेरतपासणीची एकुलती संधी वाया जाऊ नये म्हणून मी आधी दवाखान्याच्याच लॅबमध्ये गुपचूप अंदाज घ्यायचं ठरवलं. आकडा आला आठ पूर्णांक चार.

मी कागद उलटापालटा करून पाहिला. इतकं खाऊन, गोळ्या घेऊन, देवाला साकडं घालून रक्त कमी कसं होतं? अण्णांचं तोंड पडलं. काकू तर रडकुंडीला आल्या. "म्या काय त्यांच्या वाटचं खाल्लं व्हय गं?" त्या मला विचारू लागल्या.

तेवढ्यात लॅबच्या दारातून डॉक्टर नसरीन मुजावर बाहेर आल्या. आमच्या रक्त तपासणाऱ्या डॉक्टर. बुटक्या, चष्म्याच्या, आणि सहसा सूक्ष्मदर्शकापासून न हलणाऱ्या. त्या स्वतः उठून आल्या म्हणजे काहीतरी होतं.

"अण्णा, हात बघू तुमचे."

अण्णांनी हात पुढे केले. पंजे खाली लोंबले. मॅडमनी नखं पाहिली, मग म्हणाल्या, "आता तोंड उघडा." हिरड्या पाहिल्या. "पोटात दुखतं का? कळा येतात? शौचाला साफ होत नाही?"

"तुमाला कसं ठावं?" काकू म्हणाल्या.

"काम काय करता तुम्ही?"

"मारुतीचा गुरव हाय मी."

"शेंदूर तुम्हीच कालवता?"

अण्णांचा चेहरा खुलला. विषय आवडीचा निघाला होता. "मग! शेंदूर कालवनं खायचं काम न्हाई डॉक्टरीणबाई. तेल जास्ती झालं की वघळतो, कमी झालं की चीर पडती. बोटावर घ्यायचा आन जिभंवर टेकवून दाताखाली धरायचा. कचकच लागली तर आनखी मळायचा. लोण्यागत लागला की झाला. माझ्या बानं शिकीवलंय, त्याला त्याच्या बानं."

मुजावर मॅडमनी चष्मा काढला. "रोज चाखता?"

"आधी शनवारी. आता नवस हाय, तवा रोजच."

मॅडम खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "अण्णा, मी तुमचं रक्त काचेवर घेऊन पाहिलं. तुमच्या लाल पेशींवर बारीक निळे ठिपके आहेत. शिसं अंगात गेलं की असे ठिपके पडतात. तुमच्या या शेंदरात शिसं आहे. ते रक्त बनूच देत नाही. मग बीट खा नाहीतर खजूर खा. वर मनगटाची ताकदही तेच नेतं. खात्रीसाठी मी नमुना मुंबईला पाठवते, पण तुम्ही शेंदूर आजपासून बंद करा."

अण्णा हसले. मग हसणं थांबलं.

"मारुतीचा शेंदूर मला बाधंल?"

"बाधलाय."

"डॉक्टरीणबाई, तुमी शिकल्यासवरल्या. पर आमच्या देवाचं तुमाला काय कळनार?"

मला वाटलं, आता इथे काही तरी वाकडं होणार. पण मॅडम शांत होत्या. "मी मुजावर आहे अण्णा. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या दर्ग्याची झाडलोट. देवाच्या दारातलं काम अंगात कसं मुरतं, ते मला सांगू नका. मी मारुतीबद्दल बोलतच नाही. बाजारातल्या पुडीबद्दल बोलतेय."

मग काकू बोलल्या, जमिनीकडे बघत. "मामंजींचे हातबी असेच लोंबायचे शेवटाला. घास भरवाया लागायचा. त्यांच्या वडलांचंबी तसंच झाल्तं म्हनं. आमच्यात म्हनत्यात, सेवा रुजू झाली की मारुती हात ठिवून घेतो."

"हौसे, गप."

"म्या कुठं काय म्हनलं?"

"चल म्हनतो ना." अण्णा उठले. वजन-उंची घेताना काढलेला पटका अजून बांधायचा राहिला होता. तो तसाच काखेत मारून ते उघड्या डोक्यानं निघून गेले. त्या पिढीचा माणूस उघड्या डोक्यानं रस्त्यावर उतरलेला मला बघवला नाही.

आणि खरं सांगायचं तर मला रागही आला होता. माझा हक्काचा पहिला माणूस असा हातचा जात होता.

शनिवारी मी मुजावर मॅडमना म्हटलं, "वाडीवर जाऊन येऊ या का?" त्या म्हणाल्या, "मी स्कूटर काढलीच आहे."

देवळात पोचलो तेव्हा अण्णा खांबाला टेकून बसले होते आणि हौसाकाकू पायरीवर. गाभाऱ्यात मारुती उभा. अण्णा सांगत होते त्याहूनही थोराड. शेंदराच्या थरांनी नाक, कान, बोटं, सगळं बुजून गेलेलं. नुसते दोन चांदीचे डोळे, आणि डोक्यावर शेंदराचा हा एवढा उंचवटा. त्याच्या पुढ्यात एक उंचपुरा माणूस परातीत शेंदूर मळत होता. तोच शिदबा.

"दादाला बरं न्हाई, म्हनून आज मी लावतो म्हनलं," त्यानं आम्हाला उगाचच सांगितलं. आवाजात घाई होती. जयंती अडीच-तीन महिन्यांवर असताना देवानं आपल्याला आधीच बोलावलं, असं काहीतरी त्याच्या तोंडावर होतं.

अण्णा आमच्याकडे बघत नव्हते. ते परातीकडे बघत होते. शिदबानं मळून झाल्यावर उजव्या हाताचं बोट बुडवलं, वर उचललं, आणि तोंड उघडलं.

"शिदबा!"

साठी ओलांडलेला, मनगटं गळालेला तो माणूस इतक्या चपळाईनं उठेल असं मला वाटलं नव्हतं. उठले ते सरळ भावाच्या अंगावर गेले. हात वळत नव्हता म्हणून त्यांनी आख्ख्या कोपरानंच त्याचा हात उडवला. परात फरशीवर आपटली, शेंदूर चौफेर उडाला, माझ्या नव्या पांढऱ्या ओढणीवरसुद्धा.

"थुक! आधी थुक म्हनतो!"

"आरं पर दादा, लावलाबी न्हाई जिभंला..."

"तरीबी थुक! चूळ भर. हौसे, पानी आन!"

शिदबानं चूळ भरली. मग भानावर येऊन तो तापला. "सरळ सांग की पूजा सोडवत न्हाई म्हनून! हात चालत न्हाई, तरी दुसऱ्यानं लावलेला खपत न्हाई तुला."

अण्णांनी आपले दोन्ही लोंबते पंजे त्याच्या तोंडासमोर धरले.

"हे बघ. माझ्या बाचे असेच हुते. आठवत्यात का? तुझ्या बाचं काय झालं शेवटाला? पोटात कळा येऊन गेला न्हवं का? त्योबी दोन वर्सं मारुतीला हुताच की. मला वाटलं, मारुतीनं हात ठिवून घेतले. त्यो कशाला ठिवून घील रं आपले हात? त्याला काय हात न्हाईत व्हय?"

शिदबा परातीकडे बघत राहिला. मग त्यानं धोतराच्या सोग्यानं जीभ पुसली, पुन्हा पुन्हा पुसली.

"आजपासनं शेंदूर बंद," अण्णा म्हणाले. "माझाबी न्हाई आन तुझाबी न्हाई. तेल लावू. रुईची माळ घालू. कुनी इचारलं तर म्हनावं, मारुती इश्रांतीला बसलाय."

वाडीत कल्लोळ झाला असणारच. पंचांनी दम दिला, म्हाताऱ्यांनी कोप होणार म्हणून सांगितलं. पण मौज अशी की भावाभावांचं वैर बघायला गाव टपलेलं असताना दोघं एकत्र देवळाच्या दारात बसायला लागले, आणि दोघांच्या मधून शेंदराची पुडी घेऊन आत जायची कुणाची छाती झाली नाही. मुंबईचा रिपोर्ट आला तो मॅडमच्या अंदाजापेक्षाही वाईट होता. अण्णांना शिसं उतरवणारं औषध सुरू झालं, शिदबाचंही रक्त तपासलं. मी ओढणी कितीदा धुतली, डाग गेला नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी, नोंदणीच्या अगदी शेवटाला, अण्णा फेरतपासणीला आले. मी रिपोर्टची वाट बघत उभी होते.

दहा पूर्णांक सहा.

मी लॅबमधून ओरडतच बाहेर आले. "अण्णा! दहाच्या वर! पास!" काकूंनी माझ्या तोंडावरून हात ओवाळून कडाकड बोटं मोडली. पेढे आणायला माणूस पाठवावा इथवर माझी मजल गेली होती. आता फक्त ट्रायल चालवणाऱ्या डॉक्टर इनामदारांनी सांधे तपासायचे आणि सही करायची. या औषधासाठी निदान सहा सांधे दुखरे हवेत, अशी आणखी एक अट होती. डिसेंबरात पहिल्यांदा आले तेव्हा अण्णांचं अंग बोट लावू देत नव्हतं. त्यामुळे तिची मला चिंताच नव्हती.

इनामदारांनी मनगट दाबलं. "दुखतंय?"

"न्हाई."

"आणि इथं?"

"तिथंबी न्हाई."

"हे बोट?"

"हे वाईच. हां, हे दुखतंय बघा. आनि ते पलीकडचं."

मी डॉक्टरांच्या मागे उभी राहून अण्णांना खुणा करत होते. "अण्णा, नीट आठवून सांगा हं. खांदा? खांदा दुखायचा ना तुमचा?"

"दुखायचा की. आता न्हाई," अण्णा प्रामाणिकपणे म्हणाले. "म्याडम, तुमच्या डोळ्याला काय झालं?"

इनामदारांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांना हसू आवरेना. दुखणं बरंचसं शिशाचंच होतं, ते त्यांनी सांगितलं. थोडा संधिवात होता, पण त्याला साध्या गोळ्या पुरेशा होत्या.

"म्हंजे मी नापास?" अण्णांनी विचारलं.

"रक्तात पास. सांध्यात नापास."

मला खरंच रडू येईल असं झालं. इतकी धावपळ, आणि माझी पाटी कोरीच. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होते, तेव्हा मागे काकूंचा हुंदका ऐकू आला. वळून पाहिलं तर अण्णा उभे होते. उंची मोजायला काढलेला पटका त्यांच्या हातात होता, आणि बोलता बोलता, कुणाचं लक्ष नसताना, ते तो स्वतःच्या हातानं डोक्याला गुंडाळत होते. शेवटचा पेच त्यांनी मागे नेऊन खोचला.

"आता काय झालं रडायला?" ते बायकोवर खेकसले. त्यांना कळलंच नव्हतं.

जयंतीला मी आणि मुजावर मॅडम वाडीवर गेलो. आमंत्रण आलं होतं, आणि बरोबर निरोप: मारुतीनं खोळ सोडली. दोन महिने शेंदराचा हात न लागल्यानं जुने थर सुकले, त्यांना भेगा पडल्या, आणि पाडव्यानंतर एका सकाळी सगळं कवच धडाड्यानं खाली आलं. ते तुकडे नदीत सोडायचे म्हणून लोक निघाले होते. अण्णांनी अडवून मॅडमना फोन लावला, आणि मॅडमनी ते पत्र्याच्या पिंपात भरून सीलबंद करायला लावले होते.

गाभाऱ्याच्या दाराशी ही गर्दी. आत काळ्या दगडाचा एक सडपातळ मारुती हात जोडून उभा होता. नाक सरळ, कानात कुंडलं, जोडलेल्या हातांची बोटं अन् बोटं कोरलेली. ओठांवर किंचित हसू. वाडीतल्या एकाही जिवंत माणसानं तो चेहरा कधी पाहिला नव्हता. आणि उंचीला तो भरला अण्णांच्या खांद्याइतका.

इतकी वर्षं जो तो हात उंचावून थरावर थर चढवत गेला होता, आणि मारुतीचं डोकं आणखी वर जात राहिलं होतं.

"आता रं?" पंचांतला एकजण म्हणाला. "आता पूजा कुनाची? हात तर शिदबाचाबी पोचतोय आन भैरूचाबी."

"तुझाबी पोचंल," अण्णा आतून म्हणाले. "ये की. हात धुवून ये आन घाल पानी. शिदबा, कळशी दे रं."

शिदबानं कळशी दिली. अण्णांनी ती दोन्ही हातांनी उचलून मारुतीच्या डोक्यावर धरली. पाणी त्या काळ्या कपाळावरून, नाकावरून, जोडलेल्या बोटांवरून उतरत गेलं. मग त्यांनी तेलाचा हात घेतला आणि मारुतीची बोटं एकेक करून चोळायला घेतली, लहान पोराला न्हाऊ घालावं तशी. मध्येच त्यांची माझ्यावर नजर गेली.

"म्याडम, ह्याचंबी रगत बघता का? दहाच्या वर असंल आता!"

सगळं देऊळ हसलं. मुजावर मॅडम तर चष्मा काढून डोळे पुसत होत्या.

हौसाकाकू माझ्या शेजारी उंबऱ्याशी उभ्या होत्या. त्या हसल्या नव्हत्या. एकटक आत बघत होत्या.

"काकू, किती देखणा निघाला हो तुमचा मारुती," मी म्हटलं.

"असंल," त्या नजर न हलवता म्हणाल्या. "देव उद्याबी हितंच हाय. मी ह्यांचे हात बघतीया."